शेवटच्या तासाला आलेले मूल



आपल्या बारामती-इंदापूर भागात द्राक्षबागा नव्या नाहीत. त्यामुळे द्राक्षमळ्यातील कामकऱ्यांचा दाखला (मत्तय २०:१-१६) आपल्याला जवळचा वाटतो. पहाटे आलेल्याला एक दीनार आणि दिवस मावळायच्या तासभर आधी आलेल्यालाही एकच दीनार! हे मात्र आपल्या हिशेबात बसत नाही. शिष्यवृत्तीचा विषय निघाला की हाच हिशेब आडवा येतो. ‘ज्याला मार्क जास्त, त्याला द्या,’ असे आपण चटकन म्हणून मोकळे होतो.

दरवर्षी गळीत हंगामाला बीड, अहिल्यानगरकडून ऊसतोड मजूर आपल्या दोन्ही तालुक्यांत येतात. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरच्या परिसरात कोप्या उभ्या राहतात. बरोबर मुलेही येतात. आईबाप पहाटेच फडात जातात आणि थोरली मुलगी धाकट्याला सांभाळत मागे राहते. पट्टा पडल्यावर ती गावी परतते, तेव्हा वर्ग पुढे निघून गेलेला असतो.

शिक्षणहक्क कायद्यामुळे २०१० पासून ६ ते १४ वर्षांच्या मुलांना मोफत शिक्षणाचा हक्क आहे. खरी अडचण आठवीनंतरची. कुणी मुलाच्या हाती कोयता देतो, कुणी मुलीचे लग्न ठरवतो. नेमक्या याच टप्प्यावर केंद्र सरकारची एनएमएमएस शिष्यवृत्ती आहे: नववी ते बारावी, वर्षाला १२,००० रुपये. योजना चांगलीच आहे. पण तिच्या परीक्षेला बसायला सातवीत ५५ टक्के (अनुसूचित जाती-जमातींसाठी ५०) गुण लागतात. निम्मे वर्ष कोपीत काढलेल्या मुलीने ते कुठून आणावेत? तिची बुद्धी कमी नाही. तिचा दिवसच उशिरा सुरू झाला.

मग कष्ट करून पहिला आलेल्यावर अन्याय नाही का? नाही. त्याचे कौतुक करू, त्याला बक्षीस देऊ. पण बक्षीस झालेल्या कामाचे असते, शिष्यवृत्ती ही पुढच्या वाटेची शिदोरी असते. शिदोरी देताना भूक पाहावी लागते.

१९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापन करणाऱ्या कर्मवीर भाऊराव पाटलांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी वसतिगृहातील मुलांच्या जेवणासाठी अंगावरचे दागिने, शेवटी मंगळसूत्रही मोडले. मुले उपाशी राहू नयेत आणि शिक्षण सोडून घरी जाऊ नयेत, ही त्या माऊलीची तळमळ होती.

आपणही मदत देताना आधी एवढेच विचारू या: ‘बाळा, तुझी शाळा कशामुळे अडते आहे?’ पास, वह्या, खोलीचे भाडे, जे अडले असेल ते देऊ. एकदाच मोठी रक्कम देण्यापेक्षा बारावीपर्यंत दरमहा थोडे देऊ. आणि व्यासपीठावर उभे करून त्या मुलाचा फोटो काढणे टाळू. उजवा हात काय करतो ते डाव्याला कळू नये, असे प्रभूने सांगितले आहे (मत्तय ६:३). गरिबाच्या लेकरालाही अब्रू असते.

हे प्रभो, शेवटच्या तासाला आलेल्यालाही तू रिकाम्या हाती पाठवले नाहीस. तुझे ते मन आम्हाला दे. आमेन.