शंभरी कशासाठी?

मलकापुरात वडीलधाऱ्यांच्या पाया पडलं की ‘शंभर वर्षांचा हो’ असा आशीर्वाद मिळतो. पण शतायुषी खरोखर कुठे आहेत, हे ठरवणं कठीण. 2010 मध्ये जपानच्या कुटुंबनोंदींत जिवंत दिसणाऱ्या दोन लाखांहून अधिक शतायुषींचा पत्ताच लागला नाही. भारतात जन्मनोंदणीचा देशव्यापी कायदा 1969 चा. आधीची वयं बरीचशी अंदाजाची.

पंडित सातवळेकरांची शंभरी मात्र पक्की: 1867 ते 1968. मलकापूरच्याच सातारा जिल्ह्यात, औंधला, त्यांनी वेदांना आयुष्य वाहिलं.

ईशोपनिषद शंभर वर्षांची इच्छा धरायला सांगतं, पण कर्म करत. ही अट आशीर्वादात गळते, याचं वाईट वाटतं. सातवळेकरांनी ती पाळली. ऐंशीच्या सुमारास औंध सोडून त्यांनी गुजरातेत पारडीला आपली वेदाभ्यासाची संस्था, स्वाध्याय मंडळ, पुन्हा उभी केली.