काचेपलीकडचा कच्चा कैदी

खटल्याचा निकाल लागायचा असतो त्या कैद्याला आपल्याकडे 'कच्चा कैदी' म्हणतात. शिक्षा झाली की तो पक्का. अमेरिकेत या दोघांचे तुरुंगही ढोबळमानाने वेगळे. मोठी शिक्षा लागलेले 'प्रिझन'मध्ये जातात. काउंटी जेल म्हणजे साधारण आपलं जिल्हा कारागृह. तिथे भरणा कच्च्यांचा. जामिनाचे पैसे नाहीत म्हणून अडकलेलेही त्यात पुष्कळ.

जेलमध्ये आल्याआल्या माणसाची वर्गवारी होते. आरोप कोणता, आधी मारामारी केली होती का, आजार आहे का, जिवाचं बरंवाईट करून घेईल का. त्यावरून कुठे आणि कुणासोबत ठेवायचं ते ठरतं. 'तू हे केलंस का?' हे तिथे कुणी विचारत नाही. ते कोर्टाचं काम, जेलचं काम सांभाळण्याचं. (मला हे प्रामाणिक वाटतं. हजारो अनोळखी माणसं एका इमारतीत सांभाळणं म्हणजे खायचं काम नाही.)

पण सांभाळणं कुठे संपतं आणि शिक्षा कुठे सुरू होते?

लॉस एंजेलिस काउंटीच्या सेंट्रल जेलमधल्या कच्च्या कैद्यांनी हाच प्रश्न कोर्टात नेला. तिथे घरच्यांची भेट काचेआडून, फोनवर व्हायची. बायकोचा हात धरता येत नसे, पोराला उचलून घेता येत नसे. खालच्या कोर्टाने मधला मार्ग काढला: महिनाभर आत असलेल्या, ड्रग्ज किंवा पळून जाण्याचा धोका नसलेल्या कैद्यांना आठवड्यातून एक छोटी भेट, काचेविना. सुप्रीम कोर्टाने 1984 मध्ये तेही नाकारलं. भेटीतून हत्यारं, ड्रग्ज आत येतील, अगदी लहान मुलाच्या कपड्यांतूनसुद्धा. आणि कोण धोक्याचा नाही हे ओळखणं अवघड. शिक्षेचा हेतू नाही, नियमाचा सुरक्षेशी संबंध आहे, म्हणून ही शिक्षा नव्हे. हे तत्त्व कोर्टाने 1979 मध्येच घालून दिलं होतं.

ड्रग्जची भीती खोटी नाही. मला खटकतं ते दुसरंच. कुणाला कुणाशेजारी झोपवायचं हे वर्गवारीवरून ठरवता येतं, मग कुणाला लेकराला जवळ घेऊ द्यायचं हे का ठरवता येऊ नये? आणि हेतूचं म्हणाल, तर तो नियम करणाऱ्याच्या मनात असतो. काचेला हात लावून बसलेल्या पोराला त्याचा काय पत्ता? बाप पुढे निर्दोष सुटला, तरी त्याच्या लेखी ते महिने कोणते?

खालच्या कोर्टाची महिन्याची अट म्हणूनच मला शहाणपणाची वाटते. दोन दिवसांची काच म्हणजे खबरदारी. दोन वर्षांची काच तीच असते, नियमही तोच, पण तोवर पोर चालायला लागलेलं असतं.

आता तर अमेरिकेतल्या अनेक काउंटी जेलांत काचही उरलेली नाही. भेट व्हिडिओवर होते, आणि काही ठिकाणी तिचे पैसे घरच्यांनी भरायचे असतात.