हळूहळू कीं एकदम?

पाऊस आपली वेळ विसरला आहे, हें वैजापूर तालुक्यांतील शेतकऱ्यास कोणीं सांगावयास नको. सन १९७२ चा दुष्काळ वडीलधाऱ्यांच्या तोंडीं अजून आहे. २०१२, २०१४ व २०१५ ह्या वर्षीं पुन्हां टंचाई पडली. आणि २०२५ च्या सप्टेंबरांत मराठवाड्यांत अशी अतिवृष्टी झाली कीं उभीं पिकें, व कित्येक ठिकाणीं पिकांखालची मातीहि, वाहून गेली. ह्याचें कारण विद्वान लोक असें सांगतात कीं, दगडी कोळसा व खनिज तेल जाळल्यानें हवेंत कर्बवायु सांठत चालला आहे. यंत्रयुगापूर्वीं हवेच्या दहा लक्ष भागांत तो सुमारें २८० भाग होता. आतां तो ४२० हून अधिक आहे. त्यामुळें पृथ्वी तापते. तापलेली हवा बाष्प अधिक धरून ठेवते व मग तें एकदम टाकून देते. म्हणून कोरडे दिवस लांबतात आणि पाऊस आला म्हणजे कोसळतो.

ह्यावर उपाय कोणता, ह्याविषयीं दोन पक्ष आहेत. पहिला पक्ष म्हणतो, गांव सुधारा, शेजारी जोडा, बांध घाला. हळूहळू सर्व होईल. त्याच्यापाशीं दाखला आहे. अहिल्यानगर जिल्ह्यांतील हिवरे बाजार हें उजाड झालेलें गांव. तेथें १९८९ सालीं पोपटराव पवार सरपंच झाले. गांवकऱ्यांनीं डोंगरावर चर खणले, झाडें लाविलीं, कुऱ्हाड व मोकाट चराई बंद केली, शेतीसाठीं बोअर घेण्यास मनाई केली, ऊस व केळी सोडून दिलीं. पाऊस किती पडला ह्याचा ताळेबंद मांडून ते कोणतें पीक घ्यावयाचें तें ठरवितात. जें गांव सोडून लोक जात होते, तेथें ते परत आले.

दुसरा पक्ष म्हणतो, हें सर्व ठीक. पण हिवरे बाजारच्या चरानें दूरदेशींच्या कारखान्याचें धुराडें थांबत नाहीं. सन २०१५ मध्यें पॅरिस येथें राष्ट्रांनीं उष्णतेची वाढ दीड अंशाच्या आंत राखण्याचा यत्न करूं असें ठरविलें. २०२४ ह्या एका वर्षाची सरासरी तर त्या रेषेपलीकडे गेली. घर पेटलें असतां विटा भाजीत बसावें काय? राज्यव्यवहार, उद्योग व मालकी हींच मुळापासून पालटलीं पाहिजेत, असें त्यांचें म्हणणें आहे.

आम्हांस वाटतें, दोघांच्याहि म्हणण्याचा कस आपल्याच शिवारांत पाहावा. वैजापूर व गंगापूर तालुक्यांस नांदूर-मधमेश्वराच्या कालव्यानें जें पाणी येतें, तें इगतपुरीकडील मुकणे, भावली वगैरे धरणांचें आहे. आपण कितीहि बांध घातले तरी तें पाणी त्यांनीं आलें नसतें. गोदावरीच्या वरच्या धरणांतून खालीं जायकवाडीस पाणी सोडावें कीं नाहीं, हा तंटाहि बांधानें मिटला नाहीं. त्यासाठीं २००५ चा कायदा लागला, २०१४ मध्यें प्राधिकरणाचा हुकूम लागला व २०१६ मध्यें उच्च न्यायालयास बोलावें लागलें. यावरून उघड आहे कीं, वरचा मनुष्य खालच्याचें पाणी अडवूं शकतो तेथें केवळ सबुरीचा उपदेश पुरत नाहीं.

शिवाय हळूहळू होणारें प्रत्येक काम चांगलेंच असतें असेंहि नाहीं. शेततळें पावसाचें पाणी धरण्यासाठीं असतें. परंतु पुष्कळ ठिकाणीं श्रीमंत शेतकरी तें विहिरीच्या पाण्यानें भरतो. मग सर्वांच्या पोटाखालचें पाणी एकाच्या प्लास्टिकच्या कागदावर उघडें पडून उन्हांत उडून जातें, आणि भूमिहीन मजुराची बायको टँकरची वाट पाहते.

आतां दुसरी बाजू पाहूं. खोल बोअरांस आळा घालण्यासाठीं २००९ चा कायदा झाला. तरी बोअर खोल खोल जातच राहिले. ज्या गांवानें आपसांत ठरविलें नाहीं, तेथें कायदा कागदावर राहतो. आणि जमिनीस हुकूम चालत नाहीं. माती वर्षानुवर्षें घडते, झाड आपल्या गतीनें वाढतें, पाणी थेंबाथेंबानें मुरतें.

ह्या दोहोंचा मेळ पुरंदर तालुक्यांतील नायगांवीं पाहावयास सांपडतो. १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे ह्यांनीं तेथें देवस्थानची माळरान जमीन घेऊन पाणी अडविण्याचें काम आरंभिलें. चर, बांध, झाडें हें सर्व हळूहळूच झालें. पण त्यांच्या पाणी पंचायतीचा नियम पाहा: पाणी जमिनीच्या मापानें न देतां माणसांच्या संख्येनें द्यावयाचें, दर माणशीं अर्धा एकर, भूमिहीनासहि वांटा, आणि ऊस कोणींच लावावयाचा नाहीं. शेंकडों वर्षें ज्याची जमीन त्याचें पाणी असें चालत आलें होतें. तें ह्या नियमानें मुळासकट उपटलें.

ह्यावरून आमचें मत असें झालें आहे कीं, प्रश्नच थोडा चुकीचा मांडला जातो. निश्चय एका दिवसांत होऊं शकतो. त्याचें फळ येण्यास वर्षें लागतात. यरीहो येथील जक्कयाची गोष्ट आपल्या मंडळ्यांस ठाऊक आहे. अर्धी मालमत्ता गरिबांस देण्याचें व लुबाडलेलें चौपट परत करण्याचें त्यानें त्याच दिवशीं ठरविलें. ‘हळूहळू पाहूं’ असें तो म्हणाला असता, तर तें धीराचें लक्षण ठरलें नसतें. ती टाळाटाळ झाली असती. म्हणून ज्यांच्या हातांत धुराडीं, धरणें व खोल बोअर आहेत, त्यांनीं सबुरीची भाषा बोलूं नये. आणि ज्यांच्या हातांत कुदळ आहे, त्यांनीं जग पालटेपर्यंत ती खालीं ठेवूं नये. जग उद्यां सुधारलें तरी तापलेली हवा लागलीच निवणार नाहीं. पुढील दुष्काळांत आपल्या विहिरीस पाणी राहावें यासाठीं आज खणलेला चरच उपयोगीं पडेल.

आमच्या मंडळ्यांतील पुष्कळ कुटुंबें मोलमजुरीवर जगतात. त्यांना शिवार नाहीं, पण ग्रामसभेंत मत आहे. गांवांत पाण्याचें कोणतेंहि काम निघालें म्हणजे उपदेशक बंधूंनीं तेथें उठून एवढेंच विचारावें: ह्या पाण्यांत भूमिहीनाचा वांटा किती? उत्तर मिळालें, तर सर्वांनीं मिळून श्रमदानास जावें. न मिळालें, तर पुढच्या सभेंत पुन्हां विचारावें.