भीती आणि भरवसा

नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू आणि तलासरी तालुक्यांत जमीन हादरू लागली. धुंदलवाडीच्या आसपास धक्क्यांमागून धक्के बसत राहिले. १ फेब्रुवारी २०१९ रोजी ४.१ तीव्रतेचा धक्का नोंदला गेला. थंडीच्या दिवसांत लोकांनी घराबाहेर, तंबूत रात्री काढल्या. अशा वेळी 'अल्लाह मालिक' म्हणणे फारसे अवघड नसते. जमिनीचा राग धरता येत नाही, तिच्यावर संशयही घेता येत नाही. भूकंपाला भिणारा माणूस शेजाऱ्याच्या जवळ सरकतो. माणसाला भिणारा मात्र शेजाऱ्यापासूनच दूर होतो. म्हणून तवक्कुलची, म्हणजे अल्लाहवरच्या भरवशाची, खरी परीक्षा माणसांच्या भीतीत होते असे आम्हाला वाटते.

त्याच डहाणू तालुक्यात एप्रिल २०२० मध्ये ही दुसरी भीती पसरली होती. टाळेबंदी होती. मुले पळवणारे, किडनी काढून नेणारे चोर रात्री फिरतात, अशा अफवा पाड्यापाड्यांवर पोहोचल्या. लोक जागता पहारा देऊ लागले. १६ एप्रिलच्या रात्री कल्पवृक्षगिरी महाराज आणि सुशीलगिरी महाराज हे दोन साधू कांदिवलीहून सुरतेकडे, आपल्या गुरूच्या अंत्यविधीला निघाले होते. नीलेश तेलगडे त्यांची गाडी चालवत होते. गडचिंचले गावाजवळ वनखात्याच्या चौकीपाशी गाडी अडवली गेली आणि पोलिसांच्या डोळ्यांदेखत जमावाने तिघांनाही ठार मारले. कल्पवृक्षगिरी सत्तरीचे होते. पोलिसाचा हात धरून चौकीबाहेर येणारा तो वृद्ध साऱ्या देशाने चित्रफितीत पाहिला.

त्या चित्रफितीने आमच्या घरांतही भीती आणली. दिल्लीच्या मरकजच्या बातम्यांनंतर भाजीवाल्याचेसुद्धा नाव विचारले जाण्याचे ते दिवस. आता गडचिंचल्याचे मारेकरी मुसलमान होते, असे संदेश फिरू लागले. चित्रफितीतल्या 'ओय बस' या ओरडण्यात काहींना 'शोएब' ऐकू आले. २२ एप्रिलला तेव्हाचे गृहमंत्री अनिल देशमुख यांनी अटक झालेल्या १०१ जणांची यादी जाहीर केली आणि त्यात एकही मुसलमान नाही हे सांगितले.

आम्ही सुटकेचा श्वास सोडला. 'अल्हम्दुलिल्लाह' म्हटले. आज आम्हाला प्रश्न पडतो तो त्या उद्गाराचा. आमच्यावरचा आळ टळला म्हणून शुक्र अदा करणे गैर नव्हते. पण त्या सुटकेत तीन मृतांसाठी कितीशी जागा होती? आणि त्या गुन्ह्याचा डाग एका आदिवासी समाजावर सरसकट बसू लागला तेव्हा आमच्यापैकी किती जण बोलले? आमची भीती फक्त दुसऱ्याच्या दारात गेली होती. तिला आम्ही भरवसा समजलो.

भीती वाटणे म्हणजे ईमान कमी असणे नव्हे. हजरत मूसा (अ.) जिवाच्या भीतीने शहर सोडून गेले हे कुरआनच सांगते. इ.स. ६२२ मध्ये हिजरतच्या वेळी सौरच्या गुहेत हजरत अबू बक्र (र.) यांना पैगंबर (स.) यांच्या जिवाची चिंता वाटली, तेव्हा त्यांना धीर दिला गेला, दोष दिला गेला नाही. त्या प्रवासाची आखणीही पाहावी. मदीना उत्तरेला, पण गुहा निवडली दक्षिणेची. शोधणारे दमेपर्यंत तीन रात्री तिथे मुक्काम केला. आणि वाट दाखवायला अब्दुल्लाह बिन उरैकित हा वाटाड्या ठरवला. तो मुसलमान नव्हता, मक्केच्या लोकांचाच धर्म पाळणारा होता. शंभर उंटांचे इनाम लागलेले असताना त्याने त्यांना विकले नाही. अल्लाहवर पूर्ण भरवसा ठेवणाऱ्याने एका परधर्मीय माणसाची पारख करून त्याच्यावरही भरवसा ठेवला. ज्या धर्माची माणसे आपल्या जिवावर उठली आहेत, त्या धर्माचा प्रत्येक माणूस मारेकरी ठरत नाही, हे या घटनेत आहे.

इथे कोणी विचारील, भरवसा ठेवला म्हणजे इजा होत नाही काय? होते. हजरत सुमय्या (र.) यांचा ईमान काय कमी होता? त्यांना मक्केत मारले गेले. गडचिंचल्याचे साधूही देवाचे नाव घेऊनच निघाले असतील. तवक्कुल म्हणजे विमा नव्हे. आपल्याला कोणी इजा करणार नाही, अशी हमी त्यात नाही. भीतीपोटी आपण दुसऱ्याला इजा करणार नाही, एवढे मात्र त्याने आपल्याकडून घडायला हवे. मृत्यूची वेळ अल्लाहच्या हाती आहे असे मानणारा माणूस रात्री अनोळखी गाडी दिसताच दगड का उचलेल?

म्हणूनच सूरह हुजुरातमध्ये बातमीची शहानिशा करण्याची आज्ञा आहे. अजाणतेपणी एखाद्या समूहाला इजा होऊ नये आणि मग पस्तावण्याची पाळी येऊ नये, हे तिचे कारण. डहाणू-तलासरीच्या मातीला हा पस्तावा जुना आहे. १० ऑक्टोबर १९४५ च्या रात्री तलवाड्याला हजारो वारली जमले होते. गोदावरी परुळेकर यांच्या जिवाला धोका आहे, अशी अफवा जमीनदारांनी पसरवल्याचे चळवळीचा इतिहास सांगतो. तिकडे अधिकाऱ्यांना, आदिवासी दंगलीसाठी जमले आहेत, असे कळवले गेले. गोळीबार झाला. जेठ्या गांगड आणि आणखी चौघे मेले. दोन्ही बाजूंना भीतीच पुरवली गेली होती. शहानिशा कोणी केली नाही.

आज अफवेला पाड्यावरून पाड्यावर चालत जावे लागत नाही. ती आमच्या हातातल्या फोनवर येते, कधी त्यांच्याविषयी आम्हाला घाबरवायला, कधी आमच्याविषयी त्यांना. ती पुढे पाठवण्याआधी थांबणे, विचारणे, खोटी असेल तर आपल्याच माणसांना तसे सांगणे, ही आमच्या वाट्याची इबादत आहे. गडचिंचल्याच्या महिला सरपंचांनी त्या रात्री जमावाला समजावण्याचा प्रयत्न केला होता. जमावाने ऐकले नाही. तरी त्या बोलल्या. आम्हाला आपल्याच माणसांसमोर तेवढे तरी बोलता यावे, ही दुआ.