घर दाखवायचं आहे

पूर्वी आमच्याकडे मुली दाखवायचे. आता मुली ऐकत नाहीत, म्हणून घरं दाखवतात. कार्यक्रमात फारसा फरक पडलेला नाही. तोच चुन्याचा हात, त्याच शेजारून आणलेल्या कपबश्या, तेच कांदेपोहे आणि 'पोहे मुलीनंच केलेत' हे तेच ठरलेलं वाक्य. पोहे मावशीनं केलेत हे समोरच्यांनाही ठाऊक असतं, कारण स्वतःच्या मुलीच्या वेळी त्यांनीही हेच केलेलं असतं. तेव्हा याला खोटं म्हणावं की रीत, हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. तो पडला आम्ही बुरोंडीचं घर विकायला काढलं तेव्हा.

बुरोंडी हे दापोली तालुक्यातलं समुद्रकाठचं गाव. तिथे परशुरामाचा भला मोठा पुतळा आहे. परशुरामानं बाण मारून समुद्र मागे हटवला आणि कोकणची जमीन काढली, अशी कथा आहे. म्हणजे या भागातला पहिला बिल्डर तोच. फक्त त्यानं जमीन विकली नाही, दान केली. त्यामुळे गिऱ्हाइकाला काय सांगावं आणि काय सांगू नये, या भानगडीत तो पडला नाही.

आमचं घर आजोबांनी बांधलेलं. चिऱ्याच्या भिंती, वर मंगळुरी कौलं, ओटी, माजघर, मागची पडवी, विहीर, चार नारळ आणि एक फणस. काका गेल्यावर तिथे काकू एकटीच राहायची. मी पुण्याला बँकेत, दादा डोंबिवलीला. आम्ही मे महिन्यात जायचो, आंबे खायचो आणि 'काय शांत आहे गं काकू इथे!' असं म्हणून परत यायचो. मग काकूही गेली. घराला कुलूप लागलं. वर्षभरानं दादा म्हणाला, "विकून टाकू. वाळवी खाण्यापेक्षा आपण खाल्लेलं बरं."

आम्ही एक एजंट गाठला. त्यानं घरभर फिरून सांगितलं, "साहेब, लोक घर घेत नाहीत, कोकण घेतात. इथे कोकण कुठे दिसतंय?" मी खिडकीतून समुद्राकडे बोट दाखवलं. तो म्हणाला, "तो फुकट आहे. घरातलं बोला."

मग त्यानं यादी दिली. लोखंडी कपाट आणि प्लॅस्टिकच्या खुर्च्या बाहेर. माळ्यावरचं जातं ओटीवर. तांब्याचा बंब चिंचेनं घासून न्हाणीत. खुंटीला कंदील, पण आत बल्ब. ओटी शेणानं सारवा, असंही तो म्हणाला. ओटीला शहाबादी फरशी आहे म्हटल्यावर तो खरोखर हळहळला. शेवटी आवाज खाली आणून म्हणाला, "आणि घर दाखवायचं ते डिसेंबरात. वैशाखात नको."

वैशाखाचं कारण आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. आमच्या विहिरीचं पाणी उन्हाळ्यात मचूळ होतं. समुद्रकाठी जमिनीखाली गोडं पाणी हलकं म्हणून खाऱ्यावर तरंगतं. उन्हाळ्यात उपसा वाढला, गोड्याची पातळी उतरली, की खारं पाणी आत सरकतं. परशुरामानं समुद्र हटवला तो वरून. खालून तो दर वर्षी येऊन आपली जागा पाहून जातो. त्या दिवसांत काकूच्या हातचा चहा प्यायला की साखरेऐवजी चुकून मीठ पडलं की काय, असं वाटायचं. डिसेंबरात मात्र तेच पाणी शहाळ्यासारखं.

आता मी बँकेतला माणूस. सजावटीला मी दचकत नाही. 31 मार्चला ठेवी कशा फुगतात आणि एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात सूज कशी उतरते, हे ज्यानं पाहिलंय त्याला बल्बच्या कंदिलाचं काय? शिवाय ग्राहकानं सावध राहावं, हे तत्त्व मी बी.कॉम.ला दहा मार्कांसाठी पाठ केलेलं. पण डिसेंबराची गोष्ट घशाखाली उतरेना.

आमचे एक साहेब निवृत्त होताना त्यांनी आपली पुस्तकं वाटून टाकली होती. चांगली चांगली लोकांनी आधीच उचलल्यामुळे माझ्या वाट्याला सिसेरो आला. लॅटिनशी माझा संबंध 'पर अॅनम'पुरता. पण भाषांतर इंग्रजीत होतं. या रोमन वकिलानं इ.स.पू. 44 मध्ये, अथेन्सला शिकणाऱ्या आपल्या मुलासाठी कर्तव्यांवर एक पुस्तक लिहिलं. त्यात सिराक्यूजची एक गोष्ट आहे. कॅनियस नावाच्या एका रोमन गृहस्थाला समुद्राकाठी बागबंगला हवा होता. पिथियस नावाच्या माणसानं त्याला जेवायला बोलावलं आणि कोळ्यांना आदल्या दिवशीच सांगून ठेवलं, की उद्या माझ्या बागेसमोर मासे धरा. कॅनियस जेवायला बसतो तो समोर होड्याच होड्या! जो तो कोळी मासे आणून पिथियसच्या पायाशी ओततोय. कॅनियस भाळला आणि मागितली ती किंमत देऊन सामानसुमानासकट घर घेऊन मोकळा झाला. दुसऱ्या दिवशी एकही होडी नाही. शेजाऱ्याला विचारलं तर तो म्हणाला, "इथे कुणी मासे धरत नाही. कालच काय झालं, मलाही कळेना."

आणि हा पिथियस धंद्यानं कोण असावा? बँकर! मी पुस्तक मिटलं आणि दहा मिनिटांनी पुन्हा उघडलं.

पुढे सिसेरो दोन तत्त्वज्ञांचा वाद सांगतो. घर विकायचंय, त्याचं लाकूड कुजकं आहे, खोल्याखोल्यांत साप निघतात आणि हे मालकाखेरीज कुणाला ठाऊक नाही. ही यादी त्यानं आमचंच घर पाहून केली असावी. मालकानं सांगावं का? डायोजेनिस म्हणतो, तुला घे म्हणून कुणी गळ घातली? 'रोगट घर विकणे आहे' अशी दवंडी कुणी पिटतं का? त्याचा शिष्य अँटिपेटर म्हणतो, वाट चुकलेल्याला वाट न दाखवण्यातलाच हा प्रकार. किंबहुना वाईट, कारण इथे तुम्ही माणसाला जाणूनबुजून खड्ड्यात जाऊ देता. सिसेरो शिष्याच्या बाजूचा. गप्प बसणं म्हणजे दर वेळी लपवणं नव्हे; पण दुसऱ्याला कळायला हवं ते आपल्या फायद्यासाठी त्याला कळू न देणं, हे लपवणंच.

तुम्ही म्हणाल, ते रोम, ही बुरोंडी. पण आपल्या 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं 55वं कलमही हेच सांगतं: गिऱ्हाइकाला ठाऊक नाही आणि नेहमीची काळजी घेऊनही कळणार नाही असा मोठा दोष विकणाऱ्याला ठाऊक असेल, तर त्यानं तो सांगितलाच पाहिजे. मी हे दादाला फोनवर वाचून दाखवलं. दादा म्हणाला, "खारं पाणी दोष कसला? तो ऋतू आहे."

डिसेंबरात पुण्याचं एक निवृत्त शिक्षक जोडपं आलं. जातं पाहून बाई हरखल्या. बंब पाहून मास्तरांनी आपल्या आजीची आठवण सांगितली. तोवर माझी काही तक्रार नव्हती. पाहुणा येणार म्हणून आपण जे करतो ती आवराआवर. मग बाईंनी विहिरीचं पाणी ओंजळीनं प्यायलं आणि त्या म्हणाल्या, "अहो, अमृत आहे हो!"

दादानं माझ्याकडे पाहिलं. एजंटानं फणसाकडे पाहिलं. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "वैशाखात मचूळ होतं. आणि पावसाळ्यात एखादं लांबडं निघतं."

थोडा वेळ नुसता रहाटच करकरत होता. मग मास्तर वर बघत म्हणाले, "कौलं नवी दिसतायत."

"हो. गेल्याच महिन्यात घातली," दादा उत्साहानं म्हणाला. "आठ दिवसांत काम!"

"मग त्याआधी इथे कोण राहायचं?"

"काकू."

"त्या कशा राहायच्या?"

प्रश्न साधाच होता. 3 जून 2020 च्या निसर्ग वादळात मागच्या पडवीची कौलं उडाली. काकूनं फोन केला, तेव्हा आम्ही तातडीनं ताडपत्री पाठवली. फारच चांगली ताडपत्री होती. काकू तिच्याखाली चार पावसाळे राहिली. दर मे महिन्यात आम्ही ती पाहायचो आणि 'यंदा कौलं घालायला हवीत' असं म्हणून आंबे खायचो. गिऱ्हाईक येणार म्हटल्यावर मात्र आठ दिवस पुरले.

"ताडपत्री होती," मी म्हणालो.

मास्तर आणखी काही बोलले नाहीत. नेहमीची काळजी घेऊनही कळणार नाही असा घराचा मोठा दोष कुठला, तो त्यांना कळला असावा. तो विहिरीत नव्हता. तो त्यांना हात जोडून ओटीवर उभा होता आणि 55व्या कलमात त्याची सोय नाही.

घर त्यांनीच घेतलं. पावसाचं पाणी साठवायला टाकी बांधावी लागेल म्हणून दीड लाख कमी केले. दादा माझ्याशी गणपतीपर्यंत बोलला नाही. नंतर म्हणाला, "पाऊण लाख माझे गेले. पण तू बोलला नसतास तर रोज वैशाखात त्या बाईंचा चहा आठवला असता."

परवा स्वयंपाकघरातला नळ दुरुस्त करायचा विषय पुन्हा निघाला. तो दोन वर्षं गळतोय. मी म्हटलं, "बघू या रविवारी." सौभाग्यवतींनी खाली ठेवलेलं पातेलं ओतून परत जागेवर ठेवलं आणि शांतपणे विचारलं,

"अहो, हे घर विकायला काढू या का? म्हणजे नळ तरी दुरुस्त होईल."