संवर आधी, निर्जरा मग

ॲल्युमिनियमला तांबडा गंज चढत नाही. तरीही समुद्राकाठी फिरलेल्या जुन्या कॅरॅव्हॅनच्या पांढऱ्या ॲल्युमिनियमवर, खिडक्यांच्या कोपऱ्यांतून आणि छताच्या कडेवरून, चहाच्या रंगाचे ओघळ उतरलेले दिसतात. आमच्या कॅरॅव्हॅनवरही होते. ऑस्ट्रेलियात जिलाँगला लेकाकडे राहायला आल्यावर आम्ही ती जुनी घेतली. विकणाऱ्याने अशी घासूनपुसून, वॅक्स लावून उभी केली होती की एक हिवाळा सरेपर्यंत कुणाला पत्ता लागू नये.

डाग नेमका कुणाचा? पत्र्याचा म्हणावा, तर पत्रा गंजलेलाच नाही. पत्र्याचा नाही म्हणावं, तर दिसतोय त्याच्याच अंगावर. मला हा प्रश्न धर्माचा वाटतो, आणि आमचे हे त्यावर हसतात. त्यांचा जन्म शिरोलीच्या फौंड्रीत गेला. त्यांच्या लेखी गंज म्हणजे गंज.

कॅरॅव्हॅनच्या भिंतीचा पत्रा आणि छताचा पत्रा जिथे भेटतात, तिथे कडेने एक पट्टी स्क्रूंनी आवळलेली असते. स्क्रू लोखंडी, वर जस्ताचा मुलामा. डोकी झाकायला खोबणीत व्हिनाइलची फीत दाबून बसवतात. इथल्या उन्हात ती फीत आक्रसते, पट्टीखालचं सीलंट वाळून भेगाळतं, खारं पाणी आत शिरतं. आधी जस्त झिजतं, मग लोखंड गंजतं. मीठ हवेतला ओलावा ओढून घेतं, त्यामुळे पाऊस नसतानाही स्क्रूचं अंग ओलंच राहतं. अपोलो बे, पोर्ट कॅम्पबेल या बाजूला दक्षिण महासागराचं वारं असं मीठ घेऊनच येतं. बाहेर दिसतो तो ओघळ. त्याच भोकातून आतली लाकडी चौकट पाणी पीत असते, ते मात्र दिसत नाही.

आम्ही सांगलीकडचे दिगंबर जैन. दशलक्षण पर्वात बस्तीत, म्हणजे आमच्या मंदिरात, उमास्वामींचं तत्त्वार्थसूत्र वाचतात, रोज एक अध्याय. दहा दिवस, दहा अध्याय. संवर-निर्जरेचा अध्याय नववा. नवव्या दिवशी उपासवाल्यांचे चेहरे सुकलेले, बाकीच्यांचं लक्ष अनंत चतुर्दशीकडे. त्यामुळे सगळ्यांत कामाचा अध्याय सगळ्यांत पेंगत ऐकला जातो, असं माझं जुनं मत आहे. आत्म्याकडे कर्म वाहत येतं तो आस्रव, ते चिकटतं तो बंध, येणं अडवणं हा संवर आणि चिकटलेलं झडणं ही निर्जरा. आमच्याकडे कर्म हा पाप-पुण्याचा नुसता जमाखर्च नाही. ते सूक्ष्म पुद्गल आहे, खरोखरचं द्रव्य. म्हणून मीठ आणि स्क्रू यांच्याशेजारी त्याचं नाव घ्यायला मला संकोच वाटत नाही. ग्रंथाच्या आरंभीच सात तत्त्वं सांगितली आहेत आणि त्यांत संवर निर्जरेच्या आधी येतो. हा क्रम सहज पडलेला नाही, एवढंच माझं म्हणणं आहे.

कारण डाग काढणं फार सोपं आहे. ऑक्झॅलिक ॲसिडचं पातळ द्रावण फडक्याने लावायचं, थोडा वेळ थांबायचं, भरपूर पाण्याने धुवायचं. ॲसिड गंजातल्या लोखंडाला धरून पाण्यात विरघळवतं आणि ओघळ डोळ्यांदेखत पिवळा होत निघून जातो. हातमोजे मात्र हवेत. ॲसिड विषारी आहे. ब्लीचने गंज जात नाही, उलट बळावतो. घासायला स्टील वूल घेणं त्याहून वाईट. आधीच्या मालकाने तेच केलं असावं. लोखंडाच्या तारांचा तो बोळा घासताना तुटतो, त्याचे दिसणारही नाहीत असे कण रंगात रुततात, आणि पुढच्या दमट हवेत प्रत्येक कणाचा एकेक नारिंगी ठिपका होतो. दाराशेजारी वीतभर जागेत असे ठिपके मी भिंग लावून पाहिले: मधे काळा कण, भोवती नारिंगी कडं. डाग काढण्याच्या उपायातूनच नवा आस्रव!

रागारागाने केलेलं प्रायश्चित्त मला असंच वाटतं. उपास करायचा आणि कोण किती दिवसांचा करतंय यावर डोळा ठेवायचा. क्षमावाणीच्या दिवशी सगळ्यांना एकच संदेश पाठवायचा, आणि जिच्याशी खरोखर भांडण आहे ती जाऊ तेवढी वगळायची.

आमच्या स्वाध्यायाच्या गटातल्या एका काकांनी मला इथे अडवलं. त्याच नवव्या अध्यायात म्हटलंय की तपाने निर्जरा होते आणि संवरही होतो, मग उपास आधी केला तर बिघडलं कुठे? मुद्दा बिनतोड आहे. पण तपाची ती गोष्ट येण्याआधी गुप्ती, समिती, धर्म, अनुप्रेक्षा, परीषहजय आणि चारित्र्य ही संवराची साधनं सांगून झालेली असतात. आणि तपातही सहा बाह्य, सहा आभ्यंतर. आम्ही त्यातलं पहिलं बाह्य तेवढं घट्ट धरून बसतो, कारण ते चारचौघांत दिसतं.

वाट पाहिली तर गंज आपोआपही झडतो. लोखंडाचा गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, फुगतो, पापुद्रे सुटतात. ॲल्युमिनियमचा थर अंगाला घट्ट बसून आतल्या धातूला राखतो, तसं लोखंडाचं होत नाही. पापुद्रा पडला की खालचं कोरं लोखंड उघडं पडतं आणि तेही गंजतं. कर्माच्या अशा आपोआप झडण्याला शास्त्रात सविपाक निर्जरा म्हणतात: कर्म पिकलं, फळ देऊन गळालं. ती किड्यामुंगीचीही होते, पण एकीकडे नवा बंध चालूच असल्याने तिने सुटका होत नाही. ‘भोगून संपेल’ म्हणणाऱ्यांना मी आमच्या गाडीचा जुना टो-हिच दाखवते. भोगून भोगून निम्मा उरलाय.

कुंदकुंदाचार्यांच्या समयसारात सोनं आणि लोखंड चिखलात पडल्याचा दृष्टांत आहे. ज्ञानी सोन्यासारखा, कर्मांच्या मधोमध असून लिप्त होत नाही. अज्ञानी लोखंडासारखा, त्याला लागतं. हा दृष्टांत ऐकला की स्वाध्यायातले निम्मे लोक स्वतःला सोन्यात धरतात. निश्चयनयाने, म्हणजे मूळ स्वरूपाकडे पाहता, आत्मा शुद्धच, मग कशाला घासायचं? पत्राही निश्चयाने शुद्धच होता की. पण व्यवहारात त्याच्यामागचं लाकूड कुजत होतं, आणि निश्चयनय सांगून कुजणं थांबत नाही. समयसार मला प्रिय आहे. आळशी माणसाच्या हाती ते जातं तेव्हा भीती वाटते.

आम्ही फीत उपसली. गंजलेले स्क्रू एकेक करून काढले. दोन स्क्रूंची डोकी तुटली, ते ह्यांनी ड्रिलने काढले. जुनं सीलंट प्लास्टिकच्या पट्टीने खरवडलं, नवी ब्युटाइलची टेप लावली आणि स्टेनलेसचे स्क्रू सीलंटमध्ये बुडवून बसवले. तसे न बुडवता बसवले तर खाऱ्या पाण्यात स्टेनलेस राहतं आणि शेजारचं ॲल्युमिनियमच पांढरी भुकटी होऊन जातं. इतकं करूनही संपत नाही. किनाऱ्यावरून आलं की गोड्या पाण्याने धुवायचं, वर्षातून एकदोनदा वॅक्स. ओला डबा, पाना, खिळा छतावर विसरायचा नाही. वस्तू उचलताना आणि ठेवताना जपायचं, ही तर पाच समितींतली एक. मुनींना ती जीवरक्षणासाठी सांगितली आहे, मला ती पान्यापासून शिकायला मिळाली.

जस्तापाशी मात्र माझं शास्त्र आणि कॅरॅव्हॅन पार्कमधल्या शेजारी आजोबांचं शास्त्र वेगळं झालं. ते मासेमारीच्या बोटीवर होते आणि दर रविवारी न चुकता चर्चला जातात. बोटीच्या तळाला जस्ताचे ठोकळे लावतात, म्हणाले. जस्त स्वतः झिजतं, लोखंड वाचतं. मुलाम्याला ओरखडा गेला तरी आजूबाजूचं जस्तच आधी जातं. आमचा प्रभू हेच करतो.

मी म्हटलं, आमच्याकडे असा ठोकळा नाही. तीर्थंकरसुद्धा कुणाचं कर्म अंगावर घेत नाहीत. वाट दाखवतात, बस्स. ज्याचं त्याने झडवायचं.

त्यांनी विचारलं, मग रोज पूजा कशाला करता? याला माझ्याकडे उत्तर आहे, पण ते मला स्वतःलाच पुरेसं वाटत नाही. वीतरागाकडे पाहून आपला राग, म्हणजे आसक्ती, थोडा उतरतो, आणि राग उतरला की कर्माला धरून ठेवणारा चिकटपणा कमी, हे ते उत्तर. आजोबांनी ते नीट ऐकून घेतलं. फार एकट्याचं काम दिसतंय, म्हणाले. त्यांच्या म्हणण्यात दया होती, टोमणा नव्हता, म्हणून मी वाद घातला नाही. शिवाय झिजलेला ठोकळा वेळेवर कुणीतरी बदलावा लागतो, हे त्यांनीच मला आधी सांगितलं होतं. तेवढं मी त्यांना पुढच्या खेपेला विचारणार आहे.