भवानीच्या आधी

सकाळी कोपऱ्यावरच्या किराणा दुकानाचं शटर वर जातं. सासूबाई पायरी झाडून पाणी शिंपडतात. मुलगा दुधाचे क्रेट आत ओढतो. सून तसबिरीला उदबत्ती ओवाळते आणि तीच गल्ल्यावरूनही फिरवते. मग मालक येऊन बसतात. पहिलं गिऱ्हाईक येतं, त्याची नोट कपाळाला लागते, भवानी होते. दिवसाची विक्री इथून मोजायची. त्याआधी तीन माणसांचं तासभराचं काम होऊन गेलेलं असतं.

दुकानात एक पोऱ्याही असतो. त्याचा हिशेब चोख. उधारीची वही उलटी धरली की मागच्या पानांवर तो सापडतो : महिन्याचा पगार, मधली उचल, खाडे, दिवाळीची रक्कम. खाड्यापुढे एक बारीक फुली. त्याचा न आलेला दिवसही लिहिलेला आहे. घरच्यांचा आलेला दिवस कुठेच नाही.

आपल्याकडे कंपनी म्हणून नोंद नसलेल्या, शेतीबाहेरच्या धंद्यांची सरकारी पाहणी होते. दुकानं, खानावळी, शिवणकाम, छोटे कारखाने सगळं त्यात येतं. ऑक्टोबर २०२३ ते सप्टेंबर २०२४ या वर्षात देशात असे ७.३४ कोटी धंदे आणि त्यांत १२.०६ कोटी माणसं. भागाकार केला तर एका धंद्यामागे दोन माणसंही भरत नाहीत. पगारी माणसाला वर्षाला सरासरी १,४१,७६९ रुपये, म्हणजे महिन्याला बारा हजारांच्या आत. सासूबाई आणि सून यांची डोकी या पाहणीत मोजली जातात, हे बरं आहे. पगाराच्या रकान्यात मात्र त्यांच्यासाठी लिहिण्यासारखं काही नसतं. त्यांची मेहनत, लोणच्यात मीठ मुरावं तशी, नफ्यात मुरलेली असते. विक्री वाढली, रोजगार वाढला, पगार वाढले असं वाचताना मला म्हणूनच जरा थांबावंसं वाटतं.

कायदाही या दारापर्यंत येऊन थोडा थबकतो. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याने दुकान आठवड्याचे सातही दिवस उघडं ठेवायची मुभा दिली आणि कामगाराला आठवड्याची सुट्टी राखली. पण तो तेव्हा मुख्यतः दहा कामगारांपासून पुढे लागू झाला. त्याखालच्यांनी धंदा सुरू केल्याचं कळवायचं, इतकंच. २०२५ मध्ये हा आकडा वीसवर न्यायला मंत्रिमंडळाने मंजुरी दिली. मॉलमधल्या मुलाला हजेरीचं यंत्र आहे; इथे आजारी पडलं तरी गल्ल्यावर बसून काढा प्यायचा.

मालकांना दोष देववत नाही. ते स्वतःही पगार घेत नाहीत. घरात लागेल तसं गल्ल्यातून काढतात आणि रात्री उरलेलं मोजतात.

सून बाळंतपणाला माहेरी जाते तेव्हा धावपळ होते. वजनकाटा सांभाळणारं, पुड्या बांधणारं, उधारी लक्षात ठेवणारं माणूस शोधावं लागतं. ते पैसे सांगतं, घासाघीस होते, वहीत एक नवं नाव चढतं. काही महिन्यांनी ती बाळाला घेऊन परतते आणि ते नाव खोडलं जातं. तेवढा खर्च वाचला, असं मालक समाधानाने सांगतात.